पांढरी कुसळं

मामांच्या विहिरीवर त्या दुपारी मी एक वाक्य बोलले, ते अजून डोक्यातून जात नाही. एप्रिलचा दुसरा आठवडा होता. सिल्लोड तालुक्यातलं आमचं आजोळ, अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या अलीकडचं. मका निघून गेलेला, मिरचीची रोपं लावायची तर विहिरीत पाणी हवं, आणि विहीर जानेवारीतच खरवडायला लागलेली. म्हणून मामांनी ती खोलवायला काढली होती. आठ परस, म्हणजे आठ पुरुष खोल होती, नववा परस चालू होता. काठावर यारीचं, म्हणजे डबर वर ओढणाऱ्या यंत्राचं, इंजिन धडधडत होतं, डिझेलचा वास आणि सुरुंगाच्या दारूचा वास उन्हात एकमेकांत मिसळले होते. सकाळच्या सुरुंगाचं डबर बादलीतून वर येत होतं आणि काठाच्या एका बाजूला ओतलं जात होतं. एका खेपेला त्या काळ्या ढिगात काहीतरी लखकन चमकलं. मामांचा नातू धावला आणि नारळाच्या अर्ध्या करवंटीएवढा एक दगड छातीशी धरून घेऊन आला. बाहेरून काळपट, शेवाळी हिरवट. आतून पोकळ, आणि त्या पोकळीत सगळ्या बाजूंनी मध्याकडे रोखलेल्या पांढऱ्या सुया. सुया म्हणजे तरी काय, गव्हाच्या ओंबीवर असतात ना तशी कुसळं, फक्त काचेची. दगड हातात घेतला तर अंदाजापेक्षा हलका लागला. आजूबाजूचा काळा पाषाण पाण्याच्या जवळजवळ तिप्पट जड असतो, ही कुसळं जेमतेम सव्वादोन पट. मी खूप दिवसांनी हातात असं काही धरत होते. बीएस्सीला भूगर्भशास्त्र घेतलं होतं, त्याला आता बरीच वर्षं झाली. त्या आनंदात मी म्हणून गेले, "मामा, हे झिओलाइट आहे. ह्याच्यात पाणी असतं."

इंजिनाच्या आवाजातही ते त्यांनी ऐकलं. मामी डोक्यावरचं घमेलं उतरवता उतरवता थांबल्या. मामा माझ्याकडे वळले आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला आधी कळलंच नाही. "किती?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, शंभर भागांत तेरा-चौदा भाग. त्यांनी दगडाकडे पाहिलं, मग विहिरीच्या तोंडाकडे, मग त्या सगळ्या ढिगाकडे. "मंग निघंल का गं माय?"

मी म्हणाले, "तसं नाही ओ मामा."

"बरं," म्हणाले आणि यारीवाल्याकडे गेले. रागावले नाहीत, हिरमुसल्यासारखंही दिसू दिलं नाही. पण त्या दोन-तीन क्षणांत एक माणूस मनातल्या मनात ढिगाचा हिशेब करत होता, आणि तो हिशेब त्याला करायला मी लावला होता, हे मला रात्री अंगणात बाजेवर पडल्यावर उमगलं. प्रयोगशाळेत "ह्यात पाणी असतं" हे वाक्य कुणाचं काही बिघडवत नाही. ज्या विहिरीसाठी सोसायटीचं कर्ज काढलंय तिच्या काठावर त्याच शब्दांचं वजन वेगळं होतं. हीच विहीर आजोबांनी १९७२च्या दुष्काळात खणायला घेतली होती. तेव्हा यारी नव्हती, माणसं पाठीवर आणि डोक्यावर दगड वाहायची. आई सांगते, पहिल्यांदा पाझर लागला तेव्हा आजोबा खाली उतरले आणि ओल्या दगडाला गाल लावून उभे राहिले. २०१६ साली मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं, ते टीव्हीवर बघताना आमच्या घरात कुणी बोललं नव्हतं. अशा मुलखात पाणी हा शब्द जपून वापरायचा असतो, आणि हे मला शिकवायला कुणी बाहेरचं यायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा विहिरीवर गेले ती त्यांच्या बोलण्याकडे कान देत. खोदणारी माणसं खालून वर ओरडून सांगत होती, "मांजऱ्या लागला, मांजऱ्या!" मांजऱ्या म्हणजे तो पांढऱ्या ठिपक्यांचा, फोडायला हलका खडक. विहिरीच्या भिंतीवर वरून खाली नीट पाहिलं तर तो इतिहास उघडा असतो. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग घणाला दाद न देणारा अखंड काळा पाषाण, मध्येच हातभर लाल गेरूचा पट्टा, आणि त्याखाली हा ठिपक्याठिपक्यांचा मांजऱ्या. पुस्तकात ह्याच भिंतीचं वर्णन वेगळ्या शब्दांत येतं. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथे लाव्हा एकामागून एक थरांनी पसरत गेला. प्रत्येक थर निवताना त्यातल्या वायूचे बुडबुडे वर चढले आणि वरच्या भागात अडकून राहिले, म्हणून थराचा माथा जाळीदार झाला आणि मधला भाग घट्ट. पुढचा लाव्हा येईपर्यंत जो माथा उघड्यावर राहून भाजला-कुजला त्याचा लाल पट्टा झाला. आणि त्या रिकाम्या बुडबुड्यांतून पुढे केव्हातरी ऊन पाणी झिरपत राहिलं. खडकातलं सिलिका, ॲल्युमिनियम, कॅल्शियम, सोडियम विरघळवून घेऊन ते चाललं होतं. पोकळीत आल्यावर, निवता निवता, त्यातून ही कुसळं भिंतीला धरून वाढली. पोकळीच्या भिंतीपासून मध्याकडे. म्हणजे मामा ज्या जागी पाणी शोधत होते त्या जागी एके काळी खरंच पाणी होतं, आणि जाताना ते आपली जागा दगडाने भरून गेलं.

पण मांजऱ्या लागला की खोदणारे खूश का होतात, तेही मला आता नीट कळलं. ताजा, घट्ट भरलेला मांजऱ्या फारसं पाणी धरत नाही. पण तो लवकर झिजतो, आडवा चिरतो, त्याचे पापुद्रे सुटतात, आणि त्या भेगांतून पाझर येतो. अखंड पाषाणाला मात्र चीर असेल तरच पाणी. खोदणाऱ्यांचं वर्गीकरण एका प्रश्नावर उभं आहे: हा खडक पाणी देईल का? पाषाण, मांजऱ्या, गेरू, मुरूम, चार नावांत त्यांचं काम भागतं आणि ती चारही नावं अचूक आहेत. मामांच्या डोळ्यांत त्या दुपारी जी आशा आली तिच्यामागे ही समज होती, भोळेपणा नव्हता. पांढरं दिसलं की पाणी जवळ, हे त्यांनी चार विहिरींवर पाहिलेलं होतं. आणि त्यांची भूगर्भशास्त्र शिकलेली भाची तेच बोलत होती, असं त्यांना वाटलं.

मी तो दगड शहरात घेऊन आले. येताना नातवाने विचारलं होतं, "आत्या, ह्याचं नाव काय?" आणि मी झिओलाइट म्हटल्यावर म्हणाला, "ते आडनाव झालं." त्याला वर्गात बाईंनी कुळं आणि जाती शिकवलेल्या असणार. खरंच होतं त्याचं. झिओलाइट हे आडनाव. १७५६ साली स्वीडनच्या क्रोनस्टेट या खनिजशास्त्रज्ञाने फुंकनळीच्या ज्योतीत एक खनिज धरलं, ते फसफसलं, उकळल्यासारखं झालं, म्हणून ग्रीक शब्द जोडून त्याने 'उकळणारा दगड' असं नाव ठेवलं. त्या घराण्यात आज कितीतरी खनिजं आहेत, काही चौकोनी ठोकळ्यांची, काही पानांसारख्या पापुद्र्यांची, आणि काही आमच्या दगडासारखी तंतुमय. तंतुमयांतलं सगळ्यात माहितीतलं भावंडांचं त्रिकूट म्हणजे नॅट्रोलाइट, मेसोलाइट आणि स्कोलेसाइट. तिघं डोळ्यांना सारखीच. सुई, रंगहीन किंवा पांढरी, काचेसारखी चमक, चाकूने जेमतेम ओरखडा उठेल इतका कठीणपणा, आणि तरी नखाने दाबली तर मोडणारी. मला कित्येकदा वाटतं, निसर्गाने माणसाच्या डोळ्यांना चकवण्यासाठी काही मुद्दाम केलं असेल तर ते हे.

तिघांचा सांगाडा एकच. सिलिकॉन आणि ॲल्युमिनियमभोवती चार-चार ऑक्सिजन, असे चार टोकांचे मनोरे, पाच-पाचांच्या गटांनी एकावर एक रचत गेलेल्या साखळ्या. साखळी लांबीच्या दिशेने घट्ट असते, शेजारच्या साखळीशी तिचे बंध त्या मानाने थोडे. म्हणून ही खनिजं लांबीत वाढतात आणि लांबीतच चिरतात. आजी अंबाडीची धाटं नाल्याच्या पाण्यात कुजवून त्यांचा वाख सोलून काढायची, तेव्हा धाट आडवं तोडायला जोर लागायचा आणि उभं सोलताना ते हातात आपोआप सुटत यायचं. सुईचा स्वभाव तोच आहे. नॅट्रोलाइटच्या सांगाड्याचा नकाशा १९३०मध्ये लायनस पाउलिंग या रसायनशास्त्रज्ञाने क्ष-किरणांच्या साहाय्याने मांडला, त्याआधी शंभर वर्षं लोक फक्त सुया मोजत आणि तापवत होते.

मग फरक कुठे? साखळ्यांच्या मध्ये जे बोळ राहतात त्यांत कोण बसलंय यात. नॅट्रोलाइटमध्ये बाकावर दोन सोडियम बसलेले आणि सोबत दोन रेणू पाणी. स्कोलेसाइटमध्ये ते दोघे उठले, त्यांच्या जागी एकटा कॅल्शियम येऊन बसला. त्याच्या अंगावरचा विद्युतभार दोघांएवढा, म्हणून हिशेब जुळला, पण बाकावर एकाची जागा रिकामी राहिली. एस.टी.त अशी जागा कधी रिकामी राहत नाही, इथेही राहिली नाही. तिथे आणखी एक पाण्याचा रेणू येऊन बसला. म्हणून नॅट्रोलाइटमध्ये वजनाच्या साडेनऊ टक्के पाणी आणि स्कोलेसाइटमध्ये पावणेचौदा. आणि मेसोलाइट, नावाप्रमाणेच मधला: एक थर नॅट्रोलाइटचा आणि दोन थर स्कोलेसाइटचे, मग परत एक आणि दोन, अशा अगदी शिस्तीत. मला हे पहिल्यांदा शिकवलं तेव्हा मी वहीत तसंच्या तसं उतरवून घेतलं होतं आणि परीक्षेत लिहिलं होतं. या वेळी पुन्हा वाचताना मात्र त्या तिसऱ्या रेणूपाशी थांबले. कुणीतरी उठून गेलं म्हणून ज्याला आत जागा मिळाली, त्या पाण्यापाशी.

१९९७ साली आंतरराष्ट्रीय खनिजशास्त्रीय संघटनेच्या उपसमितीने झिओलाइटांची नावं कशी ठेवायची याचे नियम घालून दिले. आधी सांगाडा बघायचा. सांगाडा वेगळा तर खनिज वेगळं. सांगाडा एकच असेल तर आतल्या जागांवर कुणाचं प्राबल्य आहे ते बघायचं. त्या नियमांनंतरही ही तिन्ही नावं वेगळी राहिली. मला ते बरं वाटलं. काहींना असल्या वाटणीत काय अर्थ असं वाटेल, शेवटी पांढरी सुई ती पांढरी सुई. पण नावाने काय फरक पडतो ते तुर्कस्तानातल्या कप्पादोकियाच्या कराइन आणि तुझकोय या गावांना विचारावं. तिथल्या दगडांत एरिओनाइट नावाचा एक तंतुमय झिओलाइट आहे. नाव लोकरीवरून पडलंय, इतके बारीक आणि मऊ त्याचे तंतू. त्याच दगडांनी लोकांनी घरं बांधली, त्याची धूळ पिढ्यानपिढ्या श्वासात गेली, आणि गावंच्या गावं फुप्फुसाच्या आवरणाच्या कर्करोगाने पोखरली. १९८७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने एरिओनाइटला माणसात नक्की कर्करोग करणाऱ्यांच्या पहिल्या गटात टाकलं. त्याचा सांगाडा आमच्या त्रिकुटापेक्षा वेगळा आहे, आमच्या दगडातल्या सुया त्या नव्हेत. तरी हे वाचल्यावर मी त्याच संध्याकाळी मामींना फोन केला आणि नातवाला सांगायला लावलं, दगड हाताळ, पण सुया कुटू नको, धूळ फुंकू नको. कुठल्याच दगडाची धूळ नाकात जाऊ नये. सुरुंगानंतर खाली उतरणाऱ्या माणसांना तोंडाला फडकं बांधायला सांगा, असंही म्हणाले. मामी म्हणाल्या, "ते बांधत नाहीत गं, गुदमरतं म्हणतात."

नाव शोधायला मी एका मैत्रिणीच्या प्रयोगशाळेत गेले. ती एका महाविद्यालयात शिकवते. दार उघडताच तो वास आला, तेलाचा, जुन्या लाकडी खोक्यांचा, आम्लाच्या बाटल्यांच्या बुचांचा. आमच्या वेळी सर सुईचं पीठ करून त्यावर हायड्रोक्लोरिक आम्ल घालायला लावायचे आणि थोड्या वेळाने परीक्षानळी उलटी करायला. पीठ खाली पडायचं नाही. दगडाची खीर झालेली असायची, घट्ट, थरथरणारी. पण खीर तिघांचीही होते, त्याने नाव कळत नाही. मैत्रिणीने दोन-तीन सुया काचपट्टीवर तेलाच्या थेंबात आडव्या ठेवल्या आणि सूक्ष्मदर्शक माझ्याकडे सरकवला. दोन ध्रुवक, म्हणजे एकाच दिशेने कंपणारा प्रकाश तेवढा जाऊ देणाऱ्या काचा, आडवे-उभे लावले की सगळं क्षेत्र काळं होतं आणि त्या काळोखात सुई तेवढी उजळते. मग चकती हळूहळू फिरवायची आणि सुई कधी विझते ते बघायचं. नॅट्रोलाइट भिंगातल्या तारेला समांतर आलं की विझतं. मेसोलाइट मुळात धड उजळतच नाही, राखेसारखं करडं राहतं. आमची सुई तारेवर आली आणि उजळलेलीच राहिली. मी फिरवत राहिले. मग तिची एक बाजू विझली, लांबीने बरोबर अर्धी, आणि दुसरी अर्धी तशीच पेटलेली. उलट्या दिशेला फिरवलं तर ही पेटली आणि ती विझली. दोन्ही बाजूंना साधारण अठरा-अठरा अंश. एकच सुई वाटत होती, ती पाठीला पाठ लावून वाढलेली जुळी निघाली.

स्कोलेसाइट. मी किती वेळ चकती फिरवत बसले होते कोण जाणे, मैत्रिणीने दिवा लावला तेव्हा बाहेर अंधार पडला होता.

नाव मिळालं तेव्हा मला अजिंठ्याची शाळेची सहल आठवली. एका लेण्यात, जिथे चित्रांचा गिलावा गळून पडला होता तिथे, भिंतीचा उघडा खडक पांढऱ्या ठिपक्यांनी भरलेला होता. मला वाटलं होतं चुना उडालाय. बाईंनी सांगितलं, ही भिंत अशी खडबडीत आणि भोकाभोकांची, म्हणून आधी माती, तूस, गवत कालवून लिंपली, मग वर चुन्याचा हात दिला आणि मग चित्रं काढली. बाकी सगळ्या मुली चित्रं बघत होत्या. मी त्या ठिपक्याला नख लावून पाहिलं तर ते गार लागलं. तेव्हा कुणी नाव सांगितलं असतं तरी लक्षात राहिलं नसतं, पण बोटाच्या टोकाला तो गारवा राहिला.

जूनच्या पहिल्या आठवड्यात परत गेले. सोबत स्पिरिटचा दिवा, चिमटा आणि दोन परीक्षानळ्या घेतल्या. त्या दिवशी मी अर्धंच बोलले होते, ते पुरं करायचं होतं. नववा परस पुरा झाला होता, दहावा घ्यायचा की थांबायचं यावर मामा आणि यारीवाला बोलत होते. तळाला एका कोपऱ्यात ओल धरली होती, रात्रभरात तांब्याभर साचायचं. दुपारी जेवणं झाल्यावर ओसरीवर मी दिवा पेटवला. मामा, मामी, नातू, शेजारचे एक आबा, सगळे गोल बसले. नळी कोरडी आहे हे आधी सगळ्यांना दाखवलं, नातवाने तर बोट घालून पाहिलं. मग सुयांचे चार तुकडे आत टाकले आणि नळी आडवी धरून ज्योतीवर हळूहळू फिरवत राहिले. आधी काही झालं नाही. मग सुया दुधासारख्या पांढऱ्या पडल्या. एक तुकडा टोकाला किंचित उचलला गेला, वाकला आणि वळवळल्यासारखा मुरडत गेला. "अळी!" नातू ओरडला. आबा म्हणाले, "बोंडअळीवानी करून राह्यलं." मी सांगितलं, १८१३मध्ये ज्यांनी ह्याचं नाव ठेवलं त्यांनीही हेच पाहिलं होतं. स्कोलेक्स म्हणजे ग्रीकमध्ये अळी, कृमी. आबांनी मान हलवली, जणू हे त्यांना अपेक्षितच होतं.

मामांचं लक्ष अळीकडे नव्हतं. ते नळीच्या वरच्या, गार टोकाकडे बघत होते. तिथे आधी नुसतं धुकं धरलं. मग धुक्याचे बारीक ठिपके झाले, मग ठिपके एकमेकांत मिसळले आणि एक थेंब काचेवरून सरकायला लागला, अडखळत, वाट शोधत. मी दिवा विझवला. नळी निवू दिली आणि त्यांच्या हातात दिली. हे इतकंच असतं मामा, मी म्हणाले. किलोभर सुयांतून कपभर. आणि ते काढायला जेवढं जळण लागेल तेवढ्यात टँकर येईल. त्या दिवशी मी नीट सांगितलं नाही, माझं चुकलं.

"चुकलं काय त्यात," ते म्हणाले. "हाय म्हणली व्हतीस. हाय की."

त्यांनी करंगळी नळीत घातली, थेंब बोटावर घेतला आणि उन्हाकडे धरून बराच वेळ बघत राहिले. मामी आत जाऊन चहा टाकून आल्या तरी ते तसेच होते. मग माझ्याकडे न बघताच त्यांनी विचारलं,

"कोणत्या सालचा पाऊस म्हणावा गं हा?"

मी बोटांवर कोट्यवधी वर्षांचा हिशेब करायला लागले आणि थांबले. तोवर थेंब त्यांच्या बोटावरच सुकला होता. उठताना त्यांनी ते बोट अंगणातल्या मिरचीच्या रोपांच्या वाफ्यात, मातीला पुसलं.